कडी असलेली खोली

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉस्पिटलात तीन तरुण मुलं आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. आठवडाभर ती मजल्यामजल्यावर हिंडत होती. दर तासाला प्रत्येक खोलीचं दार ढकलायची, आत डोकवायची, टॅबवर खूण करायची आणि पुढे जायची. आधी आम्हाला वाटलं, आग विझवायच्या सिलिंडरांची तपासणी चालली असेल. मग कॅज्युअल्टीतल्या मावशींनीच शोध लावला. “ताई, खुर्च्या मोजतायत पोरं. कुठली खुर्ची कितीदा रिकामी असते ते लिहितायत.”

हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. मी तिथं समाजसेवा विभागात गेली बावीस वर्षं काम करते. नाव सांगत नाही, कारण हे छापून आल्यावरही मला तिथं कामाला जायचं आहे. आणि खरं तर नावानं फरकही पडत नाही. आमच्याकडे जे झालं ते उद्या तुमच्या शहरातल्या हॉस्पिटलात होईल, कदाचित होऊनही गेलं असेल.

दोन महिन्यांनी अहवाल आला. चकचकीत कागद, रंगीत गोल. त्यात एक शब्द पानापानावर होता : अ‍ॅजाइल वर्किंग. आमच्या इनचार्ज सिस्टरांनी अर्थ विचारला. सांगणाऱ्यानं सांगितलं, “चपळ कामकाज, मॅडम.” म्हणजे असं, की कुणाचंही टेबल ठरलेलं नाही. सकाळी यायचं, जे टेबल मोकळं असेल तिथं बसायचं, संध्याकाळी आपलं चंबूगबाळं लॉकरमध्ये टाकून टेबल पुसून जायचं. बंद खोली हवी असेल तर मोबाइलवरून तासाच्या हिशोबानं बुक करायची. ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातले काही दिवस घरून काम करायचं. अशानं जागा वाचेल, वाचलेल्या जागेत खाटा येतील, रुग्णांचं भलं होईल.

आता रुग्णांचं भलं होणार म्हटल्यावर विरोध कोण करणार? मी करणार आहे. सगळ्याला नाही, पण बऱ्याचशाला.

आधी मान्य करायचं ते करून टाकते. हॉस्पिटलात जागा वाया जाते हे शंभर टक्के खरं आहे. जुन्या फायली, मोडक्या व्हीलचेअर, कुणीतरी कधीतरी देणगी दिलेलं आणि एकदाही न चाललेलं यंत्र, यांनी अडवलेल्या खोल्या आम्हीही रोज पाहतो. बाहेर पॅसेजमध्ये बायका जमिनीवर सलाइन लावून झोपतात आणि आत गठ्ठे एसीत असतात. तेव्हा जागेचा हिशोब मागू नका असं मी मुळीच म्हणत नाही. हिशोब मागाच. माझा प्रश्न एवढाच आहे, की हिशोब कुणाला मागितला गेला आणि जागा कुणाची गेली.

आमच्या अहवालात ‘वापर कमी’ असा शेरा पडलेल्या खोल्यांची यादी होती. पहिली, तिसऱ्या मजल्यावरची नर्सेसची कपडे बदलायची खोली. कारण? ‘दिवसातून फक्त तीन वेळा वापर.’ अहो, पाळ्याच तीन आहेत! सकाळची पाळी सुटते तेव्हा, दुपारची सुटते तेव्हा आणि रात्रीची सुटते तेव्हा बायका कपडे बदलतात. मधल्या वेळात त्या वॉर्डात असतात, पायांवर उभ्या असतात. त्यांनी काय दर तासाला जाऊन साडी सोडायची आणि नेसायची, म्हणजे टॅबवर खूण होईल?

दुसरी खोली होती आहारतज्ज्ञ बाईंची. तिसरी माझी. त्या मुलांनी दार ढकललं तेव्हा निम्म्या वेळा मी वॉर्डात होते, कारण समाजसेविका खुर्चीत बसून राहिली तर ती काम करत नाही असा नियम आहे. (वॉर्डात गेली तर खुर्ची रिकामी, म्हणूनही काम करत नाही. दोन्हीकडून बाईच चुकलेली, हे आपल्याला घरी शिकवलेलंच असतं.)

आणि पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या मोठ्या केबिनी? विभागप्रमुखांच्या? त्यातल्या बऱ्याच दुपारी दोननंतर कुलूपबंद असतात, कारण साहेब त्यांच्या खाजगी दवाखान्यात गेलेले असतात. त्यांची नावं यादीत नव्हती. त्या केबिनी ‘नेतृत्वासाठी आवश्यक’ या सदराखाली मोजणीतूनच वगळल्या होत्या. मुलांनी ती दारं ढकलली नाहीत. ढकलली असती तरी उघडली नसती.

माझ्या खोलीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तिला खोली म्हणणं हा तिचा मान ठेवणं आहे. कॅज्युअल्टीच्या शेजारी पूर्वी ऑक्सिजनच्या नळकांड्या ठेवायची ती जागा. एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा, भिंतीत वर एक झरोका. पण तिच्या दाराला आतून कडी होती. बावीस वर्षांत मी जे काही काम केलं असेल त्यातलं निम्मं त्या कडीनं केलं.

कॅज्युअल्टीत बाई येते. ‘बाथरूममध्ये पडले.’ ‘कपाट लागलं.’ ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ सोबत नवरा, दीर, सासू. डॉक्टर घाईत असतो, केसपेपरवर जे सांगितलं ते लिहिलं जातं. मग सिस्टर मला खूण करते. मी सोबतच्यांना औषधं आणायला, नाहीतर पैसे भरायच्या रांगेत पाठवते आणि बाईला म्हणते, “ये गं, एक फॉर्म भरायचाय.” आत घेते, कडी लावते. कधी कधी ती पाच मिनिटं नुसती दाराकडे बघत बसते. कडी नीट लागली आहे ना, बघते. मग बोलते. काय बोलते ते मी इथं सांगणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

ही माझी शक्कल नव्हे. २०००-०१ साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यामागं हेच साधं शहाणपण होतं. घरात मार खाणारी बाई पोलिसांत जायला घाबरते, वकिलाकडे जायला पैसे नसतात, पण दवाखान्यात ती येतेच. ‘डॉक्टरकडे जाते’ म्हटलं की तिला कुणी अडवत नाही. तेव्हा तिला गाठायचं तर हॉस्पिटलच्या आत, हॉस्पिटलचाच विभाग म्हणून, तिला सुरक्षित बोलता येईल अशी जागा हवी. पुढे मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांत आणि इतर राज्यांतही याच धर्तीवर केंद्रं निघाली. लैंगिक हिंसा झालेल्या व्यक्तीची तपासणी कशी करावी याबद्दल केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही खाजगीपणा राखण्यावर भर आहे. हे सगळं कागदावर आहे. कागदावर नाही ती कडी.

तर माझी खोली गेली. तिथं आता ‘मीटिंग पॉड’ आहे. काचेचं दार, आरपार दिसणारं. कडी काढून टाकली, कारण काचेच्या दाराला कडी कशाला? मला दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये, बिलिंगच्या मुलींबरोबर, रोज वेगळी खुर्ची. बंद खोली हवी तर ती आदल्या दिवशी बुक करायची. म्हणजे नवऱ्यानं उद्या किती वाजता मारायचं ते आज ठरवून सांगायला हवं.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास सिस्टरचा फोन आला. पंचविशीची बाई, पोटात पाच महिने, ओठ फुटलेला, मनगट सुजलेलं. ‘जिन्यावरून पडले.’ मी खाली धावले. मीटिंग पॉडमध्ये विमा कंपनीच्या माणसांबरोबर हिशोबाची बैठक चालली होती, सहापर्यंत बुक. ड्रेसिंग रूममध्ये पेशंट. शेवटी तिला घेऊन मी जिन्याच्या वळणावर उभी राहिले. ती म्हणाली, “ताई, माझ्या आईला एक फोन...” आणि खालून नणंद चहाचा कप घेऊन वर आली. बाईनं कप घेतला. म्हणाली, “पायरी चुकली हो माझी.” केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. आठ दिवसांनी दाखवायला बोलावलं होतं, ती आली नाही. केसपेपरवर दिलेला मोबाइल नवऱ्याचा होता. मी तो लावला नाही, लावून काय विचारणार होते?

ही जागेची ‘बचत’. ती कुठल्या रकान्यात लिहायची ते मी त्या मुलांना विचारणार होते, पण तोवर ती दुसऱ्या हॉस्पिटलात खुर्च्या मोजायला गेली होती.

मैत्रिणींनो, कपडे बदलायची खोली म्हटलं की आपल्यापैकी वयानं मोठ्या असलेल्या बायकांच्या अंगावर काटा येतो. २७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथं तिच्यावर हल्ला झाला. कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला गेला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. खटला चालला तो लुटीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा, बलात्काराचा नव्हे. १८ मे २०१५ ला ती गेली, तोवर एकेचाळीस वर्षं केईएमच्या सिस्टरांनी तिला सांभाळलं. आपण तिची आठवण काढतो ती इच्छामरणाच्या निकालामुळे. मला मात्र दुसरे दोन प्रश्न छळतात. एक, परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात का जावं लागत होतं? आणि दुसरा, तिनं सात वर्षं खाट अडवली म्हणून ती खाट मोकळी करायला तिला दुसरीकडे हलवायचा घाट महापालिकेनं घातला, तेव्हा तो कुणी हाणून पाडला? सिस्टरांनी. ‘जागेचा योग्य वापर’ हा शब्द तेव्हा नव्हता, पण विचार हाच होता. सिस्टरांनी काम थांबवायची तयारी दाखवली म्हणून अरुणाची खाट राहिली.

पन्नास वर्षं उलटली. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला ठार मारलं गेलं. लांबलचक ड्युटीनंतर ती सेमिनार हॉलमध्ये पाठ टेकायला गेली होती. सेमिनार हॉलमध्ये! देशभर डॉक्टर रस्त्यावर आले, २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून घेतलेल्या सुनावणीत आदेश दिला आणि राष्ट्रीय कृती दल नेमलं. तो आदेश वाचा. त्यात कॅमेरे आणि सुरक्षारक्षक यांच्याइतकीच खोल्यांची भाषा आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरांना विश्रांतीची जागा नाही, ड्युटी रूम तुटपुंज्या किंवा नाहीतच, असल्या तर बायका-पुरुषांना मिळून एकच, स्वच्छतागृहं अपुरी, छत्तीस-छत्तीस तासांच्या पाळ्या. आपण बायका वर्षानुवर्षं जे कॅन्टीनमध्ये बोलत होतो ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एक मुलगी मेल्यावर लिहावं लागलं.

आणि त्यावर तिथल्या राज्य सरकारनं लगेच काय उपाय सुचवला? शक्यतो बायकांना रात्रपाळी देऊ नका! खोली बांधायची नाही, बाईच काढून टाकायची. न्यायालयानं सप्टेंबरमध्ये त्यावर कान उपटले, बायकांना सवलत नको, सुरक्षितता द्या म्हणून सांगितलं. पण पहिला विचार तो आला हे विसरू नका. जागा अपुरी पडली की सर्वांत आधी ‘अनावश्यक’ ठरते ती बाई.

आमच्या अहवालात इंग्लंडचा दाखला होता. साहेबाच्या देशाचा दाखला दिला की आपल्याकडच्या ट्रस्टींची मान आपोआप हलते. दाखला खोटा नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये लॉर्ड कार्टर यांनी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या इस्पितळांबद्दल अहवाल दिला. त्यात सांगितलं होतं, की उपचारासाठी न वापरली जाणारी जागा एकूण जागेच्या ३५ टक्क्यांहून अधिक नसावी, रिकामी किंवा कमी वापरातली जागा २.५ टक्क्यांहून अधिक नसावी, आणि हे एप्रिल २०२० पर्यंत साधावं. ठीक आहे. पण ‘उपचाराची नसलेली जागा’ या एका शब्दात ट्रस्टींची बैठकीची खोलीही मावते आणि सिस्टरची कपडे बदलायची खोलीही मावते. कात्री कुठल्या कापडावर चालवायची ते आकडा सांगत नाही, ते माणसं ठरवतात. आणि ती ठरवणारी माणसं ज्या खोलीत बसतात तिला कात्री लागल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

शिवाय इंग्लंडचाच दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या लांबलचक वॉर्डाच्या नकाशात टोकाला सिस्टरची खोली काढलेली असायची. एकोणिसाव्या शतकात! आमच्याकडे एकविसाव्या शतकात सिस्टर इंजेक्शनच्या ट्रॉलीवर रजिस्टर ठेवून उभ्यानं लिहिते. चपळ कामकाज म्हणतात ते हेच ना? मग आम्ही कधीच्याच चपळ आहोत. आम्हाला कुणी सल्ल्याची फी दिली नाही इतकंच.

याहून चपळ बघायचं असेल तर गावात चला. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकसंख्येमागं एक अशी ‘आशा’ नेमली गेली. महाराष्ट्रात आज त्यांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे. एवढी मोठी यंत्रणा, आणि तिला एक टेबल नाही. आशाताईचं ऑफिस तिच्या खांद्यावर असतं. औषधांची पेटी तिच्या घरात, वजनकाटा तिच्या घरात, रजिस्टरांचा ढीग तिच्या पलंगाखाली, सर्व्हेची माहिती तिच्या मोबाइलमध्ये. भाडं नाही, वीजबिल नाही, फर्निचर नाही. सल्लागार कंपनीनं स्वप्नात पाहिलेली संस्था ती हीच. जागेचा खर्च शून्य!

तो खर्च गेला कुठं? तिच्या घरावर गेला. रात्री दोनला कुणीतरी कडी वाजवतं, घरातले सगळे उठतात. नवरा कुरकुरतो. पोरं रजिस्टरावर चित्रं काढतात म्हणून मार खातात. अडलेल्या बाईला घेऊन ती ग्रामीण रुग्णालयात जाते, बाईला खाट मिळते, आशाताई खाटेखाली नाहीतर व्हरांड्यात पदर पसरून पडते. बाहेरच्या नळाला पाणी असेल तर तोंड धुते. सकाळी पहिल्या एसटीनं परत, कारण दहाला पुन्हा गृहभेटी. काही ठिकाणी आशांसाठी विसाव्याची खोली काढली जाते. मी पाहिलेल्या एका खोलीत लसींची रिकामी खोकी भरलेली होती आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, २०२४ च्या सुरुवातीला, याच बायका मानधनवाढीचा सरकारी आदेश हातात पडावा म्हणून आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसल्या होत्या. तिथं त्यांना कुठलीच खोली नव्हती, आणि स्वच्छतागृहासाठी काय यातायात करावी लागत होती ते तिथं जाऊन आलेल्या आपल्या मैत्रिणींना विचारा. मार्चमध्ये राज्यानं पाच हजारांची वाढ दिली. चांगलं झालं. पण ती अजूनही ‘स्वयंसेविका’च आहे. कर्मचारी म्हटलं की टेबल द्यावं लागतं.

कुणी म्हणेल, गावभर हिंडण्याचंच काम आहे, त्याला टेबल कशाला? याला उत्तर आपल्या चळवळीकडे आहे. भंवरीदेवी राजस्थानात सरकारी योजनेतली ‘साथिन’ होती. तिलाही ऑफिस नव्हतं, गाव हेच तिचं कामाचं ठिकाण. बालविवाह रोखायचं सरकारी काम केलं म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि त्यातून २०१३ चा कायदा. त्या कायद्यात कामाचं ठिकाण म्हणजे चार भिंती नव्हेत. कामानिमित्त बाई जिथं जिथं जाते ते प्रत्येक ठिकाण, मालकानं दिलेलं वाहनसुद्धा, कामाचं ठिकाण. पगारी, बिनपगारी, स्वेच्छेनं काम करणारी, सगळ्या जणी त्यात येतात. म्हणजे बाईचं ऑफिस तिच्याबरोबर चालत असतं हे कायद्याला कळलं, ते काही तिच्या खुर्चीचे पैसे वाचावेत म्हणून नव्हे. ती जिथं असेल तिथं तिची जबाबदारी कुणीतरी घ्यावी म्हणून. चपळ कामकाजवाल्यांना यातला पहिला भाग आवडतो. दुसरा ते वाचत नाहीत.

आता घरून काम. इथं मात्र माझं मन दोन बाजूंना ओढतं, ते लपवत नाही. आमच्या बिलिंगमधली एक मुलगी आहे, लेकरू दीड वर्षाचं. तिला आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं. लोकलचे तीन तास वाचले, मूल समोर. ती खूश आहे आणि तिच्या खुशीवर विरजण घालायचा मला काय अधिकार? २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करायची मुभा त्यात घातली गेली. आपल्यातल्या अनेकींनी तिचं स्वागतच केलं होतं.

पण त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होतं. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता यायला हवं. आमच्या अहवालात घरून काम करायचं पान आहे. पाळणाघराचं नाही. हे दोन्ही एकमेकांना जोडून पाहा, म्हणजे खेळ लक्षात येईल. मूल सांभाळायची जागा हॉस्पिटलनं द्यायची होती, ती आता तिच्या स्वयंपाकघरात गेली. परवा ती मुलगी मला म्हणाली, “ताई, सासूबाई म्हणतात घरीच आहेस तर दुपारी पापड लाटून टाक.” विम्याचे दावे तपासायचे, फोन घ्यायचे, मूल झोपवायचं, पापड लाटायचे. टेबल एकच, ओट्याजवळचं.

आणि सिस्टरनं काय घरून सलाइन लावायचं? मावशीनं काय घरून बेडपॅन काढायचं? ही मुभा ज्यांच्या हातात फाइल आहे त्यांनाच. ज्यांचे हात पेशंटच्या अंगावर आहेत त्यांना हॉस्पिटलात यावंच लागतं आणि त्यांचीच खोली काढून घेतली जाते. मावशींना तर कधी खोली नव्हतीच. लिनन ठेवायच्या कपाटामागं त्या डबा खातात. मोजणीत ती जागा आली नाही, कारण तिथं खुर्चीच नाही.

जाता जाता हिरकणी कक्षाबद्दल. बस स्थानकांत, सरकारी कार्यालयांत, इस्पितळांत बाळाला पाजायला खोली असावी म्हणून आपल्या राज्यानं तिला हिरकणीचं नाव दिलं. नाव ऐकून छाती भरून येते. पण हिरकणीची गोष्ट आठवा. गडाचे दरवाजे वेळ झाली म्हणून बंद झाले, तान्ह्यासाठी तिला कडा उतरून जावं लागलं. दरवाजे उघडायची तरतूद कुणी केली नाही, तिच्या शौर्याचं कौतुक केलं. आमच्या हॉस्पिटलातल्या हिरकणी कक्षात सध्या झेरॉक्स मशीन आहे.

आम्ही सोळा जणींनी सह्या करून व्यवस्थापनाला पत्र दिलं. सिस्टर, मावशी, दोन शिकाऊ डॉक्टर मुली, आहारतज्ज्ञ बाई, बिलिंगमधली ती मुलगीसुद्धा. पत्रात मोठी क्रांती नाही. जागेची पुन्हा मोजणी करा आणि या वेळी पहिल्या मजल्यापासून सुरुवात करा. दुपारनंतर बंद राहणाऱ्या केबिनी वाटून वापरा, आम्हीही वाटून वापरतो. प्रत्येक मजल्यावर आतून बंद होणारी, बायकांसाठी वेगळी, दिवा आणि संडास असलेली एक खोली हवी. ती चोवीस तासांतली तेवीस तास रिकामी राहिली तरी तिला ‘वाया’ म्हणू नका, आग विझवायचं सिलिंडरही रिकामंच टांगलेलं दिसतं, ते काढून टाकता का? पाळणाघर द्या. मावशींना खुर्च्या द्या. आणि कॅज्युअल्टीच्या शेजारची ती आठ बाय दहाची खोली परत द्या, काचेशिवाय, बुकिंगशिवाय.

महिन्याभरानं उत्तर आलं. पत्रातल्या भावनांची नोंद घेतली आहे. मोबाइलवरच्या बुकिंगमध्ये ‘तातडीचे’ असं एक लाल बटण वाढवण्यात येईल. ते दाबल्यास आधी खोली घेतलेल्यांना विनंतीचा संदेश जाईल.

बटण आलं. मी दोनदा दाबून पाहिलं. पहिल्यांदा आतल्या माणसानं काचेतून हात हलवून ‘पाच मिनिटं’ अशी खूण केली. दुसऱ्यांदा नेट नव्हतं.

सध्या कॅज्युअल्टीच्या इनचार्ज सिस्टरांनी त्यांच्या स्टोअरची एक किल्ली मला करून दिली आहे. सलाइनच्या खोक्यांवर बसून आम्ही बोलतो, मी आणि येणारी बाई. वर चाळीसचा पिवळा बल्ब आहे. सिस्टरांनी स्वतःच्या पैशानं आतून कडी बसवून घेतली. मार्चमध्ये खुर्च्यांची मोजणी पुन्हा आहे म्हणतात. दारावर ‘स्टोअर’ ही पाटी आम्ही तशीच ठेवली आहे, आणि आत खुर्ची आणू नका असं मावशींनी सगळ्यांना बजावलं आहे.